कारवानी कुत्रा: बरगड्या दिसतात, तरी तो अशक्त नसतो, दख्खनच्या या कुत्र्याचं शरीर नेमकं कसं असतं?

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजमधून, भर बाजाराच्या वेळी, कुणी कारवानी कुत्रा दोरीला धरून चाललं तर बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'याला खायला घालता की नाही?'

प्रश्न पडणं साहजिक आहे. कुत्र्याच्या बरगड्या दिसत असतात, पोट पाठीला लागलेलं असतं आणि पाय काटकुळे वाटतात. ताकदवान कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुंद छातीचा, जाड मानेचा रॉटवायलर किंवा डॉबरमन येतो. त्याच्याशेजारी कारवानी म्हणजे उपाशी प्राणी वाटतो.

वस्तुस्थिती उलट आहे. निरोगी कारवानी कुत्र्याच्या अंगात चरबी अगदी कमी आणि स्नायू भरपूर असतात. त्याची मान, छाती, कंबर, पंजे, कातडी हे सगळं एका कामासाठी घडत गेलं: उघड्या माळरानावर नजरेनं सावज हेरायचं आणि पळून गाठायचं. आज ते काम जवळपास संपलं आहे. त्यामुळे या शरीराचं पुढं काय होणार, हा प्रश्न मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंत हा कुत्रा पाळणाऱ्या सगळ्यांसमोर आहे.

कारवानी, मुधोळ, पश्मी: एवढी नावं का?

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आणि पश्चिम आशियातून दख्खनमध्ये येणाऱ्या तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज आले, असं मानलं जातं. म्हणून नाव पडलं कारवानी. अरबस्तान आणि इराणकडच्या सालुकी कुत्र्याशी त्याचं साम्य लगेच लक्षात येतं.

'मुधोळ' हे नाव संस्थानामुळे आलं. आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान होतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातल्या बेरड समाजाकडे असलेल्या या शिकारी कुत्र्यांकडे लक्ष दिलं आणि त्यांची जोपासना केली. त्यांनी ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना या जातीच्या पिल्लांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं, असं सांगितलं जातं.

तिसरं नाव पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. ज्या कुत्र्यांच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागच्या बाजूला लांब केसांची झालर असते, त्यांना पश्मी म्हणतात. लातूर परिसरात हे नाव जास्त ऐकू येतं.

केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद 'कॅरव्हान हाउंड' म्हणून करतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या करनाल इथल्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं राजपालयम आणि चिप्पीपराई या तमिळनाडूतल्या जातींबरोबर मुधोळ हाउंडची अधिकृत देशी जात म्हणून नोंद केली आहे. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातल्या एका तिकिटावरही मुधोळ हाउंड होता.

थोडक्यात ओळख

- उंची: नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७४ सेंटिमीटर, मादी थोडी बुटकी
- वजन: साधारण २० ते २८ किलो
- डोकं: लांब, अरुंद, नाकाकडे निमुळतं होत जाणारं
- कान: लहान-मध्यम, डोक्याला चिकटून खाली लोंबणारे
- छाती: खोल, पोट आत ओढलेलं
- केस: आखूड आणि गुळगुळीत (पश्मीत झालर)
- रंग: पिवळसर, तांबूस, काळा, मलई रंगाचा, पट्टेरी, ठिपक्यांचा
- स्वभाव: घरच्यांशी एकनिष्ठ, परक्यांपासून चार हात लांब

स्नायू भरपूर, वजन कमी

या कुत्र्याचं शरीर समजून घ्यायचं तर इतर कामकरी जातींशी तुलना करून बघणं सोपं पडतं.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार नर डॉबरमनची उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि वजन ४० ते ४५ किलो असतं. नर रॉटवायलर उंचीला ६१ ते ६८ सेंटिमीटर, म्हणजे कारवानीपेक्षा बुटकाच, पण वजन ५० किलोच्या आसपास.

याचा अर्थ डॉबरमन आणि कारवानी शेजारी उभे केले तर खांदे जवळपास सारख्याच उंचीवर येतील, पण डॉबरमनचं वजन दीडपटीहून जास्त भरेल. रॉटवायलर तर बुटका असूनही जवळपास दुप्पट.

मग ताकद कुणाची जास्त? उत्तर कामावर अवलंबून आहे. रॉटवायलर हा गुरं हाकणारा, गाडी ओढणारा, राखण करणारा कुत्रा. समोरच्याला अडवायचं, ढकलायचं, धरून ठेवायचं तर अंगात वजन लागतं. कारवानीला मात्र स्वतःचंच शरीर वेगानं पुढं न्यायचं असतं. तिथं प्रत्येक जादा किलो म्हणजे ओझं. तालमीतला पैलवान आणि मैदानावरचा धावपटू दोघेही ताकदवान असतात, पण एकाचं शरीर दुसऱ्याच्या कामाचं नसतं. इथंही तसंच आहे.

नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांना साइटहाउंड म्हणतात. या गटातल्या ग्रेहाउंडवर सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. ग्रेहाउंडच्या शरीराच्या वजनात स्नायूंचा वाटा सुमारे ५७ टक्के असतो, तर इतर कुत्र्यांमध्ये तो सुमारे ४४ टक्के असतो, असं शरीररचनेच्या अभ्यासात आढळलं आहे. कारवानी याच धाटणीचा कुत्रा. जो कुत्रा 'हाडांचा सापळा' दिसतो, त्याच्या अंगात प्रत्यक्षात सर्वांत जास्त मांस असू शकतं ते असं.

डोक्यापासून शेपटीपर्यंत

*डोकं आणि डोळे.* कवटी लांब आणि अरुंद. जबडा लांबट असला तरी मजबूत, आणि वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसणारे. डोळे मोठे, लांबट गोल, गडद रंगाचे. अशा लांब डोक्यात डोळे थोडे बाजूंना बसतात, त्यामुळे नजरेचा पट्टा रुंद होतो. माणसाला मान न वळवता साधारण १८० अंशांतलं दिसतं, तर कुत्र्यांना सरासरी २४० ते २५० अंशांतलं. लांब तोंडाच्या जातींना त्याहूनही जास्त. शिवाय अशा कुत्र्यांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी आडव्या पट्ट्यात दाट असतात. दूरवर क्षितिजाच्या रेषेत काही हललं की ते लगेच टिपलं जातं. माळावर दबून बसलेला ससा आपल्याला ढेकूळ वाटतो, पण तो हलला की हा कुत्रा त्याच क्षणी सुटतो.

*मान आणि खांदे.* मान लांब, सडपातळ पण स्नायूंनी भरलेली. ती खांद्यात अलगद मिसळते, मध्येच खोबण दिसत नाही. खांद्याचं पातं मागच्या बाजूला झुकलेलं असतं, म्हणून पुढचा पाय लांबवर टाकता येतो. पुढचे पाय सरळ. कोपर बाहेर फाकलेले नसतात.

*छाती आणि पोट.* छाती समोरून फार रुंद दिसत नाही, पण बाजूनं बघितली तर चांगलीच खोल असते. हृदय आणि फुप्फुसांना जागा लागते ती इथं. त्यानंतर पोटाची रेषा एकदम वर चढते. या आत ओढलेल्या पोटामुळे पळताना मागचे पाय पोटाखालून पुढं यायला मोकळी जागा मिळते. 'पोट पाठीला लागलंय' असं ज्याला आपण म्हणतो, तो या कुत्र्याच्या बांध्याचा भाग आहे.

*पाठ आणि कंबर.* पाठ लांब, रुंद आणि स्नायूंनी झाकलेली. कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे लांब पट्टे हाताला लागतात. खुब्याची हाडं वर दिसतात, हे अशक्तपणाचं लक्षण समजलं जातं. पण दोन हाडांच्या मधला भाग मांसानं भरलेला असेल तर काळजीचं कारण नाही.

*मागचे पाय.* खरं इंजिन इथं आहे. मांड्या रुंद आणि भरलेल्या असतात, पण गुडघ्याखाली पाय एकदम बारीक होतो. तिथं मांस कमी आणि लांब कंडरा जास्त. यामागं साधं गणित आहे. काठी फिरवताना वजन हाताजवळ असेल तर ती झपाट्यानं फिरते. तेच वजन टोकाला बांधलं तर जड जाते. पायाचंही तसंच. वजन वर, मांडीपाशी ठेवलं की पाय लवकर मागे-पुढे होतो.

*पंजे.* बोटं कमानदार, गाद्या जाड आणि टणक. मुरूम, खडक आणि काढणीनंतरच्या रानातली धसकटं यांवरून पळायचं म्हणजे पंजा मजबूत हवाच.

*कातडी आणि केस.* कातडी पातळ आणि अंगाला घट्ट. गळ्याखाली लोंबणारी घडी नाही. केस आखूड असल्यामुळे काटे-कुसळं कमी अडकतात. या पातळ कातडीची दुसरी बाजू म्हणजे ती लवकर फाटते. काटेरी तारेचं कुंपण या कुत्र्यासाठी धोक्याचं असतं.

*शेपूट.* बुडाशी जाड, टोकाला बारीक, खाली बसवलेली आणि नैसर्गिक बाक असलेली. वेगात वळण घेताना शरीराचा तोल सांभाळायला ती उपयोगी पडते.

हा कुत्रा पळतो कसा?

घोडा भरधाव पळतो तेव्हा प्रत्येक फेरीत एकदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. ग्रेहाउंड, सालुकी, कारवानी यांच्यासारख्या कुत्र्यांमध्ये हे एका फेरीत दोनदा घडतं. पहिल्यांदा चारही पाय पोटाखाली गोळा होतात आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. दुसऱ्यांदा पुढचे पाय पुढं, मागचे मागं ताणले जातात आणि शरीर सरळ रेषेत हवेत असतं. चित्त्याची धाव अशीच असते.

या धावेत पाय जितके महत्त्वाचे, तितकाच कणाही. पाठ वाकते आणि सुटते, तसतशी प्रत्येक ढांग लांबत जाते. म्हणून कमरेचे स्नायू मजबूत हवेत आणि पोटावर चरबी नको. भरधाव पळताना श्वासही ढांगेच्या लयीत चालतो: शरीर आवळलं की हवा बाहेर, ताणलं की आत.

चालताना मात्र कारवानीची चाल वेगळी असते. पाय उचलून टाकण्याची, थोडी उसळी असलेली. प्रदर्शनात परीक्षक ही चाल मुद्दाम बघतात.

मराठवाड्याच्या उन्हात कसा टिकतो?

उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो अशा मुलखात हा कुत्रा पिढ्यान्पिढ्या राहिला आहे. आखूड केस, अंगावर चरबीचा थर नाही, सडपातळ शरीर आणि लांब पाय यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला मदत होते. जाड दुहेरी केसांचे सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड इथं पंख्याखालीही धापा टाकतात, त्यामानानं कारवानी निवांत असतो.

पण त्याला ऊन लागतच नाही, असा याचा अर्थ नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि शरीर थंड ठेवण्याचं मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. त्यात पळणाऱ्या स्नायूंमुळे अंगात भरपूर उष्णता तयार होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी या कुत्र्याला पळवणं धोक्याचं. उलट हिवाळ्याच्या रात्री त्याला थंडी लवकर वाजते. गोणपाटाचं अंथरूण आणि आडोसा द्यावाच लागतो.

पोलिसांच्या श्वान पथकात हा का दिसत नाही?

महाराष्ट्र पोलिसांच्या श्वान पथकांत प्रामुख्यानं लॅब्राडोर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनॉय या जाती दिसतात. कारण त्यांचं बरंचसं काम नाकाचं आहे. मुंबई पोलिसांचा 'जंजीर' हा लॅब्राडोर होता. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. बीड पोलिसांच्या 'रॉकी'नं ३००हून जास्त प्रकरणांच्या तपासात मदत केली होती. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्याच भागात त्यांनी मुधोळ हाउंडसह देशी जाती पाळण्याचं आवाहनही केलं होतं.

कारवानीचं नाक वाईट नाही, पण त्याची ओढ डोळ्याकडे आहे. वासाच्या मागावर असताना दूर काही हललं की त्याचं लक्ष तिकडे जातं. शिवाय तो हुकूम मिळताच तो पाळणारा कुत्रा नाही. शेकडो मीटर अंतरावर, मालकापासून दूर, स्वतःच निर्णय घेऊन काम करणं हीच त्याची पिढ्यान्पिढ्यांची शिकवण होती.

तरी प्रयत्न सुरू आहेत. मुधोळजवळच्या तिम्मापूर इथं बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६च्या सुमारास मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. नंतर हवाई दलानं धावपट्टीवरचे पक्षी-प्राणी हुसकावण्यासाठी या जातीची चाचपणी केली. म्हणजे याच्या डोळ्यांना आणि वेगाला साजेसं काम शोधलं जातं आहे.

काम गेलं, मग शरीराचं काय?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. ससा, काळवीट, रानडुक्कर यांच्या मागे कुत्रे सोडून शिकार करणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. माळरानं आणि त्यावरचे प्राणी दोन्ही वेगानं कमी झाले आहेत.

पण याचा परिणाम कुत्र्याच्या जातीवरही झाला. पूर्वी निवड माळावर व्हायची. जो दमानं पळायचा, ज्याचे पंजे टिकायचे, ज्याला ऊन सोसायचं, त्याचीच पिल्लं लोक मागून न्यायचे. शरीराची परीक्षा रोज होत होती. आता निवड फोटो आणि व्हिडिओ बघून होते. कुणाला जास्त उंच कुत्रा हवा, कुणाला भरलेल्या मांड्यांचा, कुणाला शर्यतीत जिंकणारा.

त्यातूनच ग्रेहाउंडशी संकर सुरू झाला. ग्रेहाउंड सरळ, आखूड अंतरात जास्त वेगवान असतो. संकरित पिल्लू दिसायला जाडजूड आणि सुरुवातीला वेगवानही असू शकतं. पण खडकाळ रान, ऊन आणि साधा आहार यांत टिकण्याचा गुण या मिसळीत पातळ होतो.

फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ग्रेहाउंडचे कान मागे दुमडलेले असतात. कारवानीचे कान सपाट, गालाशी लोंबलेले. ग्रेहाउंडची कंबर कमानीसारखी उचललेली असते. कारवानीची पाठ तुलनेनं सरळ. ग्रेहाउंडच्या मांड्या फुगीर, तर कारवानीच्या लांबट. एखाद्याच खुणेवरून निकाल लावू नये. पिल्लाचे आई-वडील बघणं हाच खात्रीचा मार्ग.

ताकदवान दिसणाऱ्या कुत्र्यांबद्दलची भीती हाही एक मुद्दा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवलं. कारवानी त्या यादीत नव्हता. पण कुठलाही मोठा कुत्रा चावू शकतो, आणि अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला कारवानीला आवडत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

तंदुरुस्त की खरंच उपाशी? कसं ओळखायचं?

'हा जात्याच बारीक असतो' हे वाक्य कधीकधी उपासमार लपवायलाही वापरलं जातं. म्हणून फरक कळणं गरजेचं आहे.

तंदुरुस्त कारवानीत:
- शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, पण त्यांच्यावर स्नायूचा पातळ थर हाताला लागतो
- मांडी आणि कंबर घट्ट, भरलेली असते
- केस चमकतात, डोळे स्वच्छ असतात
- चालण्यात उसळी असते

उपाशी किंवा आजारी कुत्र्यात:
- सगळ्या बरगड्या, कण्याचे मणके आणि खुबे टोकदार दिसतात
- मांडीचं मांस वितळून आत खळगा पडतो
- डोक्यावरच्या, कानशिलाच्या बाजूचे स्नायू बसलेले असतात
- केस राठ, निस्तेज, कुत्रा सुस्त

दुसरं टोक म्हणजे अतिलाड. 'अंगानं भरू दे' म्हणून तूप, बिस्किटं, भाताचे ढीग घातले की चरबी वाढते. या कुत्र्याचे बारीक पाय त्या वजनासाठी नाहीत. सांधे दुखतात, उन्हाचा त्रास वाढतो. खेड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी आणि दूध हा नेहमीचा आहार. पण स्नायू टिकवायला अंडी, मांस यांसारखी प्रथिनंही हवीत. वाढत्या पिल्लाला तर नक्कीच.

डॉक्टरांना हे आठवणीनं सांगा

साइटहाउंडचं शरीर आतूनही थोडं वेगळं असतं. भूल देण्याची काही जुनी औषधं, विशेषतः थायोपेंटोन, ग्रेहाउंडच्या यकृतातून हळू निघून जातात आणि अंगात चरबी कमी असल्यानं औषधाचा परिणाम लांबतो. त्यामुळे नसबंदी किंवा इतर शस्त्रक्रियेआधी कुत्रा साइटहाउंड आहे हे पशुवैद्यकांना सांगायला हवं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आणि थायरॉइडची पातळी कमी असते, आणि ते त्याच्यासाठी सामान्य असतं. कारवानीचा रिपोर्ट वाचतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

खोल छातीच्या कुत्र्यांना आणखी एक धोका असतो: पोट फुगून जठराला पीळ पडणं. काही तासांत जीव जाऊ शकतो. भरपेट खाल्ल्यावर लगेच पळवू नये आणि दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागावं. पोट एकाएकी फुगलं, उलटीचा उमाळा येऊनही काही बाहेर पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

शहरात पाळता येईल का?

शहागंज, सिटी चौक, गुलमंडी यांसारख्या दाट वस्तीत हा कुत्रा पाळायचा तर दोन गोष्टींचा विचार आधी करायला हवा: पळायला जागा आणि सोडायला हिंमत.

घरात कारवानी शांत असतो. तासन्‌तास पडून राहतो, विनाकारण भुंकत नाही. पण दिवसातून एकदा तरी त्याला मनसोक्त पळायला लागतं. जवळ आमखास मैदानासारखी मोकळी जागा असली तरी तिथं दोरी सोडणं जोखमीचं. मांजर, शेळी किंवा उडत चाललेली पिशवी दिसली की तो सुटतो आणि मग हाकेला थांबत नाही. पुढं रस्ता असेल तर अपघात ठरलेला. भिंतीनं बंदिस्त आवार किंवा गावाकडचं कुंपण घातलेलं शेत, हीच त्याला सोडण्याची सुरक्षित जागा.

त्याची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून निघतो. अशा कुत्र्यांसाठी रुंद पट्टा किंवा छातीला बांधायचा हार्नेस बरा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथं सतरंजी टाकावी. गर्दीत लहान मुलांना त्याच्या अंगाला एकदम हात लावू देऊ नये.

पिल्लू घ्यायचंच असेल तर

- आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही.
- विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, ते विचारा.
- पिल्लाची आई समोर बघा; शक्य असेल तर बापही. त्यांचे कान, पाठ, पंजे आणि चाल पाहा.
- 'फुल साइज', 'डबल बोन' अशा शब्दांना भुलू नका. या जातीत जाड हाड हा गुण नाही.
- लसीकरणाचं कार्ड मागा. साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावीच लागते.
- पहिलं वर्षभर हाडं वाढत असतात. या काळात दुचाकीमागे पळवणं किंवा शर्यतीत उतरवणं टाळा.

कारवानीला वाचवायचं म्हणजे त्याला जाड करायचं नाही आणि उंचही करायचं नाही. माळरानानं शतकानुशतकं जी निवड केली, ती आता पाळणाऱ्यांना करावी लागणार आहे: बघणाऱ्यांच्या डोळ्यांत भरेल म्हणून नव्हे, तर पाच किलोमीटर चालून आल्यावर कुत्रा कसा उभा राहतो, त्याचे पंजे कसे आहेत, श्वास किती वेळात जागेवर येतो, हे बघून. तसं बघणारे लोक जोवर आहेत, तोवर या जातीचं शरीर टिकेल.